तळ्यातली टिबुकली

पावसाळा सरत आला की गावतळे काठोकाठ भरलेले असते. गढूळ पाणी निवळू लागते, काठाने लव्हाळे आणि पाणकणसे माजलेली असतात. अशा तळ्याच्या काठी दहा मिनिटे न बोलता बसा. पाण्याच्या मधोमध एक तपकिरी गोळा तरंगताना दिसेल. कुणीतरी टाकलेले नारळाचे सोडण असावे असे वाटते. नीट पाहावे म्हणून तुम्ही मान उंच करता, तोच गोळा नाहीसा! पाण्यावर एक लहानसे वर्तुळ उमटते आणि विरून जाते. काही वेळाने दहापंधरा हातांवर तोच गोळा बुचासारखा टुपकन वर येतो. अंग मात्र कोरडेच. पाण्याचे दोनचार थेंब पाठीवरून मोत्यांसारखे ओघळतात, एवढेच.

ही टिबुकली. पुष्कळ लोक तिला बदकाचे पिल्लू समजतात, पण बदकांशी तिचे काही नाते नाही. इंग्रजीत तिला लिट्ल ग्रीब किंवा डॅबचिक म्हणतात. शास्त्रीय नाव टॅकिबॅप्टस रुफिकॉलिस. ग्रीक भाषेत 'टॅकिस' म्हणजे जलद आणि 'बाप्तो' म्हणजे बुडवणे. लॅटिनमध्ये 'रुफिकॉलिस' म्हणजे तांबड्या मानेचा. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७६४ साली या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. 'झटकन बुडणारी तांबड्या मानेची' हे शास्त्रीय नाव अगदी नेमके आहे खरे, पण 'टिबुकली' या नावात मला तरी प्रत्यक्ष बुडीचा आवाजच ऐकू येतो.

हा पक्षी दुर्मीळ नाही. युरोप, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांत तो राहतो. महाराष्ट्रात धरणाचे जलाशय, पाझर तलाव, गावतळी, पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणी, जिथे म्हणून संथ पाणी आहे तिथे टिबुकली भेटण्याचा संभव आहे. १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगाव पाझर तलाव खोदले गेले. ते माणसांसाठी आणि विहिरींसाठी होते, पण टिबुकलीलाही त्यातून आयतीच घरे मिळाली. एवढ्या सहज दिसणाऱ्या पक्ष्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वास्तविक तिच्या शरीराची रचना इतकी चमत्कारिक आहे, की तिच्यापुढे मोर आणि पोपट साधे वाटावेत.

आधी रंगरूप सांगून टाकू. टिबुकलीची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर आणि वजन दीडदोनशे ग्रॅम, म्हणजे ती कबुतराहून लहानच. विणीच्या दिवसांत वरचे अंग काळपट तपकिरी आणि गाल, गळा व मानेची पुढची बाजू छान तांबूस असते. चोचीच्या मुळाशी पिवळसर मांसल ठिपका उठून दिसतो. लांबूनही ओळखायला ही खूण उपयोगी पडते. वीण संपली की तांबडा रंग जातो आणि सगळा पक्षी फिकट, मातकट दिसू लागतो. नर आणि मादी दिसायला सारखीच. शेपूट जवळजवळ नाहीच. मागच्या बाजूला नुसता मऊ पिसांचा झुबका असतो, पावडर लावायच्या फुलासारखा. आवाज मात्र आकाराच्या मानाने मोठा. एकाएकी तळ्यावरून खिंकाळल्यासारखी कंप पावणारी लांब शीळ ऐकू येते आणि एवढासा जीव इतका आवाज करतो यावर विश्वास बसत नाही.

पाय कुठे आहेत?

टिबुकलीच्या कुळाचे शास्त्रीय नाव पॉडिसिपेडिडी. लॅटिनमधल्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. एकाचा अर्थ 'बूड', दुसऱ्याचा 'पाय'. बुडाशी पाय असलेले ते हे पक्षी! नाव ऐकून हसू येईल, पण टिबुकलीच्या आयुष्यातील बहुतेक सर्व गोष्टींचे मूळ या एका शब्दात आहे.

कोंबडीचे किंवा कावळ्याचे पाय अंगाच्या मधोमध असतात, त्यामुळे शरीराचा भार त्यांवर तोलला जातो. टिबुकलीचे पाय थेट मागच्या टोकाला आहेत. शिवाय मांडी आणि नळीचा बराचसा भाग अंगाच्या कातडीतच लपलेला. बाहेर दिसतो तो घोट्याखालचा पाय. आता विचार करा, मोटारलाँचचा पंखा कुठे असतो? मागच्या टोकाला. तिथून दिलेला रेटा सबंध लाँचला सरळ पुढे ढकलतो. टिबुकलीचे पायही तिथेच आहेत. पाण्याखाली ती पंख अंगाशी घट्ट मिटून घेते आणि केवळ पायांच्या जोरावर माशासारखी वळते, गिरकी घेते, पाठलाग करते. पेंग्विन पाण्यात पंखांनी पोहतो, टिबुकली पायांनी.

पायाची बोटेही पाहण्यासारखी आहेत. बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो. तीन बोटे मिळून एक वल्हे. टिबुकलीच्या बोटांमध्ये असा सलग पडदा नाही. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंना चपटी झालर असते, म्हणजे प्रत्येक बोट हेच एक स्वतंत्र पाते. शिवाय पायाची नळी दोन्ही बाजूंनी चेपलेली, सुरीच्या पात्यासारखी, म्हणजे पाय पुढे घेताना ती पाणी कापत जाते. पूर्वी असे समजत की हे पक्षी वल्ह्यासारखे पाणी नुसते मागे लोटतात. शेंडीवाली मोठी टिबुकली हा याच कुळातला मोठा पक्षी. त्याच्या पोहण्याचा अभ्यास स्वीडनमधील दोन संशोधकांनी केला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की बोटांवरच्या झालरी दोन्ही बाजूंना सारख्या रुंद नसतात आणि बोटांमध्ये फटी ठेवून पाय फिरवला की प्रत्येक बोट विमानाच्या पंखासारखे काम करते. विमानाचा पंख हवा कापत जाताना वर उचलणारे बल निर्माण करतो. तसेच बल पाण्यात निर्माण करून हा पक्षी ते पुढे जाण्यासाठी वापरतो. वल्ह्यापेक्षा जहाजाच्या पंख्याशी त्याचे साम्य अधिक!

हा सगळा लाभ पाण्यातला. जमिनीवर त्याची किंमत मोजावी लागते. ज्या हातगाडीची चाके अगदी मागच्या टोकाला बसवली आहेत तिचे काय होईल? पुढे कलंडेल. टिबुकलीही तशीच कलंडते. उभे राहायचे तर अंग ताठ उभे धरावे लागते, आणि चार पावले टाकली की ती पोटावर आपटते. कोरड्या जमिनीवर ती जवळजवळ लंगडीच. त्यामुळे खाणे, झोपणे, घरटे बांधणे, पिल्ले वाढवणे हे सगळे तिला पाण्यावरच उरकावे लागते.

तरंगावे की बुडावे?

टिबुकलीची एक गंमत अशी, की ती दर वेळी उडी मारूनच बुडते असे नाही. भीती वाटली की ती जागच्या जागी हळूहळू खाली जाते. आधी पाठ पाण्याखाली, मग मान, आणि शेवटी नुसते डोके आणि चोच वर. हे कसे साधते?

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शाळेत शिकला आहात. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. झाकण लावलेली रिकामी बाटली तरंगते, कारण आतल्या हवेमुळे ती आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ पाणी बाजूला सारते. टिबुकलीच्या अंगावर अतिशय दाट पिसे असतात, आणि त्यांच्यात हवा कोंडलेली असते. शरीराच्या आतही इतर पक्ष्यांप्रमाणेच हवेच्या पिशव्या असतात. तिने पिसे अंगाशी दाबून बसवली आणि आतली हवा बाहेर सोडली, की तिचे वजन तेवढेच राहते पण आकारमान घटते. बाजूला सारलेले पाणी कमी झाले, वर ढकलणारे बल कमी झाले, आणि पक्षी खाली गेला. पाणबुडीत टाक्यांत पाणी भरून हेच साधतात. उडणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची हाडे पोकळ आणि हवेने भरलेली असतात. बुड्या मारणाऱ्या या कुळातल्या पक्ष्यांच्या हाडांत हवा त्या मानाने कमी असते. बुडताना ते पथ्यावरच पडते.

या दाट, चकचकीत पिसांनी एकदा या कुळावर संकट आणले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेंडीवाल्या मोठ्या टिबुकलीच्या छातीची पांढरी पिसे बायकांच्या टोप्यांना आणि हात उबदार ठेवायच्या आवरणांना लावण्याची टूम निघाली. त्यापायी तिथला हा पक्षी संपण्याच्या बेतात आला होता. पिसांच्या व्यापाराविरुद्ध तिथल्या काही स्त्रियांनी १८८९ साली जी संस्था काढली, ती आज ब्रिटनमधील पक्षिरक्षणाची मोठी संस्था आहे.

आपण पुन्हा तळ्याकडे वळू. सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि वही घेऊन काठावर बसा. टिबुकली बुडाली की वेळ पाहा, वर आली की पुन्हा पाहा. पाण्याखाली किती सेकंद आणि वर किती सेकंद, असे दोन रकाने करा. एकाच पक्ष्याच्या वीस बुड्या नोंदवल्या की सरासरी काढा. बहुतेक बुड्या दहा ते पंचवीस सेकंदांच्या भरतील. काठालगतच्या उथळ पाण्यातल्या बुड्या आणि तळ्याच्या मध्यावरच्या बुड्या वेगळ्या मांडा. लांब बुडीनंतर ती पाण्यावर जास्त वेळ थांबते का, हेही पाहा. या सगळ्याला दुर्बीण लागत नाही. एक सूचना मात्र पाळा. सोबत कुणी मोठे माणूस असू द्या आणि पाण्यात उतरू नका.

पिसे खाणारा पक्षी

पाण्याखाली टिबुकली काय करते? तिचे खाणे तिथेच असते. पाणकिडे, चतुराच्या अळ्या, बेडूकमाशा म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, लहान बेडूक, झिंगे, गोगलगाई आणि लहान मासे. मासा पकडला की ती वर येते, त्याला चोचीत फिरवून डोक्याकडून गिळते. शेपटीकडून गिळला तर माशाचे काटेरी पर घशात अडकतील.

याखेरीज ती आणखी एक वस्तू खाते, आणि ती म्हणजे पिसे. तीही स्वतःचीच! अंग साफ करताना गळून आलेली मऊ पिसे ती गिळून टाकते. या कुळातले सगळेच पक्षी कमीअधिक प्रमाणात असे करतात. मासे जास्त खाणाऱ्या मोठ्या जातींच्या जठरात तर पिसांचा चांगला गोळाच सापडतो. पिसांत अन्नांश फारसा पचण्यासारखा नसतो, मग खायची कशाला? शास्त्रज्ञांचा तर्क असा, की पोटात पिसांचा नमदा तयार होतो. माशांचे टोकदार काटे त्यात अडकून राहतात आणि जठरातल्या रसाने विरघळेपर्यंत आतड्यात जात नाहीत. जे विरघळत नाही ते पिसांसकट गोळी करून ओकून टाकता येते. आईबाप लहान पिल्लांनाही पिसे भरवतात. भात खायला शिकण्याआधी गाळणी गिळण्यासारखेच हे झाले!

पाण्यावरचा संसार

जमिनीवर धड चालता येत नाही, मग घरटे कुठे बांधावे? टिबुकली ते पाण्यावरच बांधते. नर आणि मादी दोघे मिळून पाण्यातली गवते, शेवाळ आणि कुजकी पाने चोचीने ओढून आणतात आणि त्यांचा ढीग रचतात. हा ढीग वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून लव्हाळ्याच्या किंवा पाण्याखालच्या वेलींच्या आधाराने अडकवलेला असतो. वरून पाहिले तर पाण्यात साचलेला कचराच वाटतो. हिमनगासारखा त्याचाही मोठा भाग पाण्याखाली असतो.

आता एक छोटे गणित करू. समजा घरट्याचा वरचा भाग ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर झाले. त्यावर २०० ग्रॅम वजनाचा पक्षी चढून बसला, तर घरट्याला आणखी २०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारावे लागेल. २०० भागिले ७००, म्हणजे घरटे सुमारे ०.२९ सेंटिमीटर, जेमतेम तीन मिलिमीटर खाली जाईल. अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचितच वर असतात, तरी आई बसली म्हणून ती बुडत नाहीत, ती यामुळे. पाणवनस्पतींच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांचाही तरंगायला उपयोग होतो. गवत कुजून खाली बसू लागले की पक्षी वरून नवे गवत टाकत राहतात.

आपल्या देशात विणीचा मुख्य काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, पण पाऊसपाण्याप्रमाणे जागोजागी तो बदलतो. मादी बहुधा तीन ते पाच अंडी घालते. अंडे सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि खडूसारखे पांढरे. ओल्या कुजक्या गवतात राहून काही दिवसांतच ते मळकट तपकिरी होते. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात आणि सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

कावळ्याला पांढरे अंडे लांबूनही दिसेल. म्हणून घरट्यावरून उठताना टिबुकली आधी चोचीने भराभर बाजूचे ओले गवत ओढून अंड्यांवर घालते, मग पाण्यात सरकते, बुडी मारते आणि दूर कुठेतरी वर येते. पाहणाऱ्याला घरटे कोणते तेही कळत नाही. अंड्यांची ऊबही या पांघरुणाने थोडीफार टिकते. फारच घाई झाली तर मात्र अंडी उघडी राहतात. काठावर आपण गडबड केली, दगड मारले, की हीच घाई तिच्यावर येते आणि कावळ्याचे फावते.

पिल्लांच्या अंगावर काळेपांढरे पट्टे असतात. जन्मल्याबरोबर त्यांना पोहता येते, पण अंग लवकर गारठते आणि पाण्याखाली मोठे मासेही असतात. म्हणून पिल्ले आईच्या किंवा बापाच्या पाठीवर चढून पंखांखाली शिरतात. दोन पिसांच्या फटीतून एवढेसे पट्टेरी डोके बाहेर आलेले दिसते. एक जण पिल्लांना घेऊन तरंगतो, दुसरा बुड्या मारून खाऊ आणतो. पिल्ले पाठीवर असतानाच बुडी मारायची वेळ आली तर कधी ती पिसांना चिकटून खाली जातात, कधी सुटून बुचासारखी वर येतात. पूर्ण वाढ होऊन स्वतंत्र व्हायला त्यांना दीड महिना लागतो.

रात्रीचा प्रवास

टिबुकलीला उडता येते का? तळ्यावर पाहिले तर वाटते, नाही. माणूस जवळ आला तर ती बुडी मारते, किंवा पंख फडफडवत पाण्यावरून धावत जाऊन पुन्हा खाली बसते. पंख लहान आहेत, म्हणून हवेत चढण्यासाठी आधी पाण्यावर बरेच अंतर धावावे लागते. पण एखादे कोरडे तळे पावसाने भरले की काही दिवसांतच तिथे टिबुकली हजर! ती येते कुठून? उडून. तिचे लांबचे उड्डाण बहुधा रात्री होते, त्यामुळे आपल्याला ते दिसत नाही. वीण आटोपल्यावर या कुळातल्या पक्ष्यांची पंखांतली मोठी पिसे एकदमच गळतात. नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. तेवढे दिवस बुडी हेच त्यांचे संरक्षण.

रात्रीच्या प्रवासात एक धोका असतो. अमेरिकेतील युटा राज्यात डिसेंबर २०११मध्ये याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीचे हजारो पक्षी रात्री वादळी हवेत एका गावावर उतरले. दिव्यांच्या उजेडात बर्फाने आणि पाण्याने चकाकणारी मोटारींच्या थांब्यांची जमीन त्यांना तळे वाटली. शेकडो पक्षी आपटून मेले. जे वाचले तेही तिथेच बसून राहिले, कारण धावायला पाणी नाही, तर उडणार कसे? लोकांनी त्यांना गोळा करून पाण्यात नेऊन सोडले.

आपल्याकडेही ओल्या रस्त्यावर किंवा अंगणात एखादी टिबुकली बसलेली सापडू शकते. ती जखमी असेलच असे नाही. चालता न येणे हा तिचा आजार नव्हे, तिची शरीररचनाच तशी आहे. जखम दिसत नसेल तर मोठ्या माणसाच्या मदतीने तिला कापडात धरून जवळच्या तळ्यात सोडावे. चोच टोकदार असते, ती तोंडापासून दूर ठेवावी.

नातेवाईक

टिबुकलीचे जवळचे नातेवाईक कोण, हे कोडे पक्षिशास्त्रज्ञांना फार दिवस सुटले नव्हते. पायांच्या ठेवणीवरून तिला उत्तरेकडच्या थंड समुद्रांवरच्या बुडी मारणाऱ्या मोठ्या पक्ष्यांशेजारी बसवीत. २००१ साली आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डीएनएच्या, तुलनेतून वेगळेच उत्तर पुढे आले आणि पुढच्या अभ्यासांनी ते पक्के केले. टिबुकलीच्या कुळाचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे रोहित पक्षी, फ्लेमिंगो! उजनी जलाशयाच्या उथळ पाण्यात उंच पायांवर उभे असलेले गुलाबी रोहित आणि मधूनच बुडणारी एवढीशी तपकिरी टिबुकली, ही दोघे एकाच फार जुन्या पूर्वजाची वंशज आहेत. दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा थर असतो. एकाने उथळ पाण्यात चालायचे म्हणून पाय लांब केले, दुसऱ्याने खोल पाण्यात बुडायचे म्हणून पाय मागे नेले.

पण पाय मागे नेणाऱ्याला पाणी सोडून जाता येत नाही, आणि त्याचे परिणाम काय होतात हे दोन सरोवरांच्या गोष्टींवरून कळते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात अतितलान नावाचे सरोवर आहे. टिबुकलीच्या कुळातला एक मोठा, न उडणारा पक्षी जगात फक्त तिथेच होता. १९६०च्या सुमारास गळ टाकणाऱ्या हौशी प्रवाशांसाठी त्या सरोवरात बास हे परदेशी मासे सोडले गेले. त्यांनी पक्ष्यांचे अन्न आणि पिल्लेही फस्त केली. संरक्षणाचे प्रयत्न झाले, पक्षी पुन्हा थोडे वाढलेही. मग १९७६ साली मोठा भूकंप झाला, सरोवराची पातळी उतरू लागली आणि काठचे लव्हाळे कोरडे पडले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो पक्षी जगातून गेला.

दुसरे सरोवर मादागास्कर बेटावरचे अलाओत्रा. तिथल्या टिबुकलीची जात आपल्या टिबुकलीची अगदी सख्खी बहीण शोभावी अशी होती. तिचे पंख आखूड, म्हणून लांब जाणे नाही. सरोवरात टिलापिया मासे सोडले गेले. उजनीच्या काठचे लोक ज्यांना चिलापी म्हणतात तेच हे. पाण्यातली झाडोऱ्याची घडी बिघडली, मासेमारीसाठी नायलॉनची जाळी आली आणि बुडी मारणारे पक्षी त्यांत अडकून गुदमरू लागले. त्यातच आपल्याकडची ही साधी टिबुकली तिथे पसरली आणि दोघींचा संकर होऊ लागला. २०१० साली अलाओत्राची टिबुकली नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. एक बहीण तीन खंडांत पसरली आणि दुसरी एका सरोवरात अडकून संपली.

आपली टिबुकली अशी एका सरोवरात अडकलेली नाही. म्हणून तिच्या जातीला आज धोका नाही. पण एखाद्या तळ्यातली टिबुकली नाहीशी होणे अवघड नसते. तळ्याच्या सुशोभनासाठी काठचे सगळे लव्हाळे उपटून दगडी भिंत बांधली, तर पाणी तेवढेच राहते आणि घरटे अडकवायला मात्र काडीही उरत नाही. आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचेही तेच. वीण चालू असताना पाणी एकदम सोडले तर घरटे गाळात टेकते आणि कुत्र्याच्या तोंडाशी येते. एकदम चढले तर घरट्याला बांधलेले गवत ताणले जाऊन ते कलते. हळूहळू चढणारे किंवा उतरणारे पाणी घरट्याला चालते, कारण ते तरंगते आहे आणि पक्षी रोज त्यावर भर घालत आहेत.

किती हळू म्हणजे हळू, हे तुमच्या तळ्यापुरते तुम्ही शोधून काढू शकता. मोठ्या माणसाला सांगून काठालगतच्या पाण्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवून घ्या आणि जूनपासून दर रविवारी पातळी लिहून ठेवा. घरट्याच्या जवळ जाऊ नका. काठावरून दिसेल तेवढेच पुरे. त्याच वहीत टिबुकल्या किती दिसल्या, पाठीवर पिल्ले किती होती, गवताचा ढीग कोणत्या लव्हाळ्यापाशी होता हेही लिहा. सप्टेंबरपर्यंत पंधरासोळा नोंदी होतील. पातळीचा आलेख काढा आणि पिल्ले पहिल्यांदा दिसली त्या रविवारवर खूण करा. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढे मागे मोजत गेलात, की अंड्यांवर बसल्या वेळी तळ्याचे पाणी चढत होते की उतरत होते, ते आलेखावर दिसेल.